धोंड्याच्या महिन्यात लांबलेली सुट्टी

आमचे हे आखातात वेल्डर होते. काम कंत्राटाचं, दोन दोन वर्षांच्या कराराचं. पहिला करार संपवून ते महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी नागपुरात प्रताप नगरला घरी आले, ते दुसऱ्या करारावर सही करूनच. हा दुसरा संपला की कायमचं परत यायचं आणि इथेच वेल्डिंगचं दुकान टाकायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. घरात अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

वैशाखात ते परत जायचे होते. पण त्या साली जेठ दोनदा आला, म्हणजे पहिला जेठ धोंड्याचा. आमच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला तेव्हा हे परदेशी जायच्या खटपटीत मुंबईला होते, आणि जावयाला द्यायचं वाण राहून गेलं होतं. माझे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. ते मुद्दाम एसटीने नागपूरला आले.

"जावईबापू, या खेपेले धोंडा जेवल्याबिगर हलू नका. तुमची सासू मागच्या वेळपासून हळहळून राहिली."

"कंपनी थांबते मामाजी," हे म्हणाले. "पण इकडे जास्त दिवस राहिलं तर इन्कमटॅक्सची भानगड होते म्हणतेत. मंग तिथली कमाई इथं धरतेत."

"धोंडा कोण मोजते जी?" वडील म्हणाले. "त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, कोणतंच शुभकार्य नाही. तो महिना असून नसल्यासारखा. सरकार काय पंचांगाच्या बाहेर हाय?"

सगळे हसले. पण खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना ते पटलंही. सासूने वाढलेलं वाणाचं ताट जावयाने नाकारायचं नसतं. हे थांबले. उमरेडला आईने त्यांना तेल लावून आंघोळ घातली, नवे कपडे दिले, पुरणाचे धोंडे वाढले, अनारशांचं ताट दिवा ठेवून हातात दिलं. ह्यांनी पोटभर खाल्लं आणि मग ते मुंबईच्या गाडीत बसले.

ते गेल्यावर आठवड्याभराने त्यांच्याच कंपनीतला एक मित्र आला. तो मौद्याकडचा, सुट्टी संपवून परत निघाला होता. ह्यांच्यासाठी पापड-लोणचं न्यायला आला होता. बोलता बोलता त्याने विचारलं, हे आले कधी आणि गेले कधी. मी सांगितलं. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "तीन महिन्यांच्या वर झाले की वहिनी! आता सरकार त्याले इथलाच रहिवासी धरन. मंग तिथल्या पगारावर इथं टॅक्स."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. तो जाताच माझ्याकडे वळल्या.

"घ्या! माहं पोरगं तिकडं उन्हात भाजून राहिलं, अन् तुह्या माहेरचे अनारसे आता सरकारले भरा. काहून वं, तुले तरी समजलं नाही?"

मी चौथीपर्यंत शिकलेली, मला रहिवासी म्हणजे काय ते कुठे माहीत? मला एकच कळलं. पैसा टॅक्समध्ये गेला तर दुकान होणार नाही, आणि दुकान झालं नाही तर तिसरा करार. म्हणजे आणखी दोन वर्षं. आणि ते माझ्या आईवडिलांच्या हौसेपायी. जेवण जाईना.

वडिलांना निरोप पाठवला. ते दुसऱ्याच दिवशी आले. सीताबर्डीवर इन्कमटॅक्सची कामं करणारे एक वकील होते, त्यांची आई वडिलांकडूनच लुगडी घ्यायची. वडील एकटेच निघाले होते, पण दिवस मला पाठ होते म्हणून मलाही जावं लागलं. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. वडीलच बोलत होते, आणि तेही सगळं धोंड्याबद्दल.

"बाबा, जरा थांबा," वकील म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा. ते आले कधी?"

मी पदर तोंडाशी धरून महाशिवरात्र सांगितली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि मला बोट ठेवायला लावलं. येण्याच्या दिवशी ठेवलं, जाण्याच्या दिवशी ठेवलं. मग विचारलं, "राहतं घर कोणाचं? त्यांचं असलं तर हिशेब बदलते."

"सासऱ्यांचं."

"आणि आधीची दोन वर्षं?"

"तिकडंच होते. एकदाबी आले नाही."

त्यांनी मार्च महिन्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "सरकारचं वर्ष इथं संपते. रेघेच्या वरचे दिवस जुन्या वर्षाचे, खालचे नव्या वर्षाचे. दोन्ही वेगळे मोजायचे. तुम्ही सगळ्यांनी एकत्र मोजले म्हणून घाबरले. तुमचा माणूस दोन्ही वर्षांत बाहेरचाच धरतील. तिथल्या पगाराले इथं कोणी हात लावत नाही."

वडील पुढे सरकले. "म्हणजे धोंडा नाहीच धरला ना?"

"धरला बाबा! धरूनसुद्धा तीन महिने भरत नाही!" वकील मोठ्याने हसले. मग मला म्हणाले, "फक्त पुढच्या मार्चपर्यंत त्यांना आता बोलावू नका."

म्हणजे दिवाळीला त्यांना आठ दिवस बोलवायचं माझ्या मनात होतं, ते राहिलं. वाईट वाटलं, पण तेवढंच. जिना उतरताना वडिलांनी पागोट्याच्या सोग्याने डोळे पुसले आणि रस्त्यावर मला उसाचा रस पाजला. मी दोन ग्लास प्याले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. अडखळत सांगितलं, पण रेघेचं सगळं नीट सांगितलं, आणि त्याच दमात दुकानाचंही सांगून टाकलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षांनी येते तर तो. कायमचा."

"हो."

"जा, पड जराशी. तोंड पाहा कसं उतरलं."

मी चटईवर आडवी झाले. पंख्याचा वारा गरम होता, तरी लगेच डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि मोरीवर सासूबाई माझ्या वाटणीची भांडी घासत होत्या, आवाज होऊ नये म्हणून एकेक हळू ठेवत.