समोर बसून ऐकणारी आनेके

आनेकेच्या मुलीचा, लोटेचा, मेसेज आला तेव्हा मी फार्मसीच्या ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत होते. ‘आई काल झोपेतच गेली. तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय.’ मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी पुढे सरकले, औषधं घेतली, घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि कुकर लावला. सहा आठवडे झाले त्याला. रडू अजून नीटसं आलेलं नाही... नुसतं थकल्यासारखं वाटतं.

आनेके मूळची डच. तिकडे ती पंधरा वर्षं राजकारणात होती, शेवटी आरोग्य खात्याची राज्यमंत्री. मग ते सगळं सोडून यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत शिरली आणि आमचा चँडलरचा प्लांट चालवायला आली. मी तिथे इंजिनिअरिंग बघायचे. माजी मंत्री म्हणून आम्ही बिचकून होतो, तर ही पहिल्याच दिवशी ब्रेड-चीजचा डबा घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझी शेपूची भाजी चाखून म्हणाली, “ही तर आम्ही माशावर घालतो!” तिथून मैत्री झाली.

सात वर्षांनी एका दुपारी तिने केबिनचं दार लावलं. प्लांट बंद होणार होता. सगळ्यांना ती दोन आठवड्यांनी सांगणार होती. तोवर मी कुणापाशी बोलायचं नव्हतं. त्याच आठवड्यात माझ्या टीममधला शैलेश पेढे घेऊन आला. “ताई, घर फायनल झालं! फ्रायडेला क्लोजिंग!” तो व्हिसावर होता, नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि तडक आनेकेकडे गेले. फक्त त्याला सांगू दे, म्हटलं. “एकाला सांगितलंस, तर बाकीच्यांना काय सांगशील?” ती म्हणाली. मी शैलेशला सांगितलं नाही. शुक्रवारी त्याने घराच्या कागदांवर सह्या केल्या.

बातमी तिने स्वतः, कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगितली. त्यानंतर प्लांटला कुलूप लागेपर्यंत रोज बारा ते एक ती दाराजवळच्या टेबलावर एकटी बसायची. ज्याला जे बोलायचं ते त्याने येऊन बोलावं. लोक बोललेही, ओरडले. ती मान खाली न घालता ऐकायची. मी मात्र दूरच्या टेबलावर पाठ करून जेवायचे. शैलेशला दूर पूर्व किनाऱ्यावर, पिस्कॅटवेला नोकरी मिळाली, इथलं घर विकावं लागलं. मला आधीच ठाऊक होतं हे त्याला कळलं होतं; जाताना तो माझ्याशी बोलला नाही. मीही नंतर फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

वर्षभराने आनेकेच दारात आली. रिटायर होऊन ती इथेच राहिली होती. इथल्या कोरड्या हवेत तिचे गुडघे दुखत नसत. चहा निवत होता तेव्हा तिने सांगितलं, की मंत्री असताना तिने स्वतःच्याच गावातलं हॉस्पिटल बंद केलं होतं. मंत्रालयात बसून जाहीर केलं. तिच्या वडिलांना ते टीव्हीवर कळलं. “ते कधी रागावले नाहीत. त्यांनी विषयच काढला नाही... म्हणून या वेळी मी लोकांसमोर बसले.”

“आणि शैलेशचं?”

“नियमाने बरोबर होतं,” ती म्हणाली. मग कप बाजूला सारून म्हणाली, “झोप अजून लागत नाही.”

मी तिला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा एकत्र चहा प्यायला लागलो, एवढंच.

गेल्या आठवड्यात लोटेला आनेकेचं घर आवरू लागायला गेले. डच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर टॉयलेटमध्ये टांगायची पद्धत आहे. त्यावर वार नसतो, वर्ष नसतं, नुसत्या तारखा, दरवर्षी त्याच. तिथे आनेकेच्या वळणदार अक्षरात प्लांटमधली कितीतरी नावं होती. कॅन्टीनमध्ये तिच्यावर ओरडलेल्यांचीही. आणि चालू महिन्याच्या पानावर शैलेश.

“आई सगळ्यांना फोन करायची,” लोटे बाहेरून म्हणाली. “काही जण उचलायचे नाहीत. तरी करायची.”

परवा ती तारीख होती. सकाळपासून दोनदा नंबर काढून फोन ठेवून दिला. शेवटी लावला. शैलेशने उचलला, आवाज ओळखला. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

“ताई... आनेके गेल्याचं कळलं. म्हणजे या वर्षीपासून हा फोन करायचं तुमच्याकडे आलं का?”

“हो,” मी म्हटलं.