नानांनी भरलेली पेटी

धरणगावकडच्या एका गावात चुडामण नाना पाणाड्या म्हणून ओळखले जातात. तळहातावर नारळ आडवा धरून ते शेतातून चालतात. नारळ उभा राहिला की तिथे बोर घ्यायचा. बत्तीस वर्षांत त्यांचा नारळ खोटा ठरला नाही, आणि त्याचा तोराही नानांना पुरेसा होता. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर मात्र चार वर्षांपासून होळीआधीच तळ दाखवायची. नानांच्याच पत्नी यशोदाबाई टँकरसमोर हंडा घेऊन उभ्या राहायच्या.

म्हणून जळगावच्या एका संस्थेतली संघमित्रा शाळेच्या ओट्यावर गावाला घेऊन बसली. नाल्याकाठी आणखी बोर घ्यायचे की थांबायचं, हे गावाने ठरवायचं होतं. तिने स्वतःचं मत दिलंच नाही. रांगोळीने नाला, विहीर, शिवार लोकांकडूनच काढून घेतलं आणि बोर दाखवायला सरकीची वाटी पुढे केली. निम्म्याहून जास्त सरकी नानांनीच ठेवली, मिशीवर ताव देत.

उभं राहून पाहिलं तर नाल्याच्या कडेने सरकीची एकच लांब ओळ थेट विहिरीपाशी गेली होती. नाना चपापले. नारळ का चुकत नाही ते त्यांना मनातून ठाऊक होतं. कुठूनही निघाले तरी पाय त्याच पट्ट्यात येऊन थांबायचे, कारण तिथे पाणी लागतंच.

मग संघमित्राने काचेची पेटी मांडली. आत वाळू, पाणी आणि दोन नळ्या, एक विहिरीची, एक बोरची. बोरच्या नळीतून सिरिंजने पाणी ओढलं की विहिरीची नळी कोरडी पडायची.

"हाई खोटं शे," नाना म्हणाले. "आपला जमीनमा वाळू कोठे शे? काया दगड शे."

"मग तुम्हीच भरा ना, नाना," संघमित्रा म्हणाली.

नाना खरंच उठले. नाल्यातून मुरूम आणला, काळे दगड फोडले. प्रत्येक बोरमधून काय काय वर येतं ते त्यांनीच पाहिलेलं, त्यामुळे थरावर थर अचूक लावले. संघमित्रा बाजूला बसून बघत राहिली. आता नानांना आपलं खरं करण्यापेक्षा काय होतं ते बघायचीच घाई झाली होती. त्यांनी सिरिंज ओढली. पाणी सावकाश उतरलं, पण विहिरीची नळी कोरडी झालीच. त्यांनी पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदाही तेच.

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते सगळ्यांकडे वळले.

"मी दखाडेल बोरेसनी ती विहीर आटाडी," ते म्हणाले.

नाल्याकाठी वावर असलेला अभिमन पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी नाना त्याच्याकडे जागा दाखवायला जाणार होते. "नाना, सकाय येशात ना? मशीनवालाले सांगी ठेयेल शे."

"नको खंदू," नाना म्हणाले.

"मंग तुमले आते कोन बलाई?"

"कोनीच नही," नाना म्हणाले. बत्तीस वर्षांत 'नको' म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. "बोर थांबवायचे असं कुणाकुणाला वाटतं?" संघमित्राने विचारलं. मागून यशोदाबाईंनी हात वर केला, मग एकेक करून बाकीच्या बायांनी. अभिमनचा हात सगळ्यात शेवटी वर आला.