एका रुपयासाठी बसवलेला फुल-बॅक

"एकसष्ट होतात. बजेट साठ आहे," मॅनेजर साहेब म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मी टाइमकीपर होतो. कामगारांची हजेरी मांडायची, हे माझं काम. फुटबॉलची टीम उभी करणं हे साहेबांनी वरून लादलेलं. पण खरं सांगतो, मला ते हजेरीपेक्षा जास्त आवडायचं. दर वर्षी सीझन संपताना रेल्वेच्या टीमशी आमची मॅच व्हायची, आणि तीन वर्षं आम्ही सपाटून हरलो होतो. या वर्षी हरलो तर टीम बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

बाकीचे खेळाडू फॅक्टरीतलेच, हौसेने फुकट खेळणारे. पैसे द्यायचे होते ते पाच जणांना. चार पोरं सातपुड्यातली, काठी गावाच्या बाजूची. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या टोळीतली. अनवाणी पळायची, पण त्यांना गाठणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यांना सीझनचे नऊ-नऊ रुपये. पाचवा म्हणजे हवालदार. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, गुडघा दुखरा, मिशा पांढऱ्या. तो फुल-बॅक खेळायचा, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. मागत होता पंचवीस.

"हवालदार, चोवीस घ्या. एका रुपयाचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मंग तो रुपया साहेबले माग," तो म्हणाला. "पंचवीस म्हणजे पंचवीस."

"तुम्हाला धड पळता येत नाही आणि पोरांच्या जवळपास तिप्पट मागताय."

"मन्हा पाय थकनात, मन्हं डोकं नही. मी पयस नही भाऊ, समोरनासले पयाडस."

मला राग आला. साहेब हटेनात, हा हटेना, मग मीच कशाला हटू? मी हवालदाराचं नाव खोडलं. चार पोरं घेतली आणि मोकळा झालो.

पोरं सुरेख तयार झाली. हवालदार रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायचा.  मी त्याला आत बोलावलं नाही.

मॅच नेमकी होळीच्या आठवड्यात आली. आदल्या दिवशी टोळीचा मुकादम दित्या माणसं घेऊन आला. चारही माणसं वेगळी. एकाच्या तर डोक्यात पांढरे केस.

"आपली पोरं कुठे आहेत?" मी विचारलं.

"काठीला. होळी आहे. त्यांनी नवस धरलाय."

"अरे, मग मॅच कोण खेळणार?"

"हे," दित्या शांतपणे म्हणाला. "चार माणसांचं काम होतं. चार माणसं आणली."

माझ्या हजेरीत नावं होती. त्यांच्या हिशेबात नावं नव्हतीच. काम टोळीनं घेतलं होतं, एक गेला तर दुसरा उभा राहतो, गाठी अशाच तर उचलल्या जात होत्या. चूक माझी, इतकी वर्षं हजेरी घेऊन मला हे कधी कळलंच नव्हतं. टीम वाचवायची तर आता एकच माणूस उरला होता. मी तसाच हवालदाराच्या घरी गेलो.

"पंचवीस," मीच आधी म्हणालो.

त्याने फक्त मान हलवली आणि विचारलं, "त्या चार जन गाठ कशी उचलतस?"

मला काही उमजेना. गाठ बांबूला टांगतात, चौघं खांदा देतात, मुकादम 'हां हो' म्हणतो आणि चौघांचं पाऊल एकदम पडतं. मी ते सांगितलं. "मंग झालं," तो म्हणाला.

मॅचला त्याने चौघांना आपल्या दोन्ही बाजूंना एका रांगेत उभं केलं. बॉलच्या मागे लागायचं नाही, एवढंच सांगितलं. आता ऑफसाइड म्हणजे काय, तर बॉल पुढे टाकला जातो त्या क्षणी समोरचा माणूस आपल्या रांगेच्या पलीकडे, नुसत्या गोलकीपरसमोर उभा असला, तर शिट्टी वाजते. रेल्वेवाले बॉल टाकायला पाय उचलत, की हवालदार ओरडे, "हां हो." पाच जण एकदम दोन पावलं पुढे. त्यांचा गडी मागे एकटा. शिट्टी. पुन्हा बॉल, पुन्हा "हां हो", पुन्हा शिट्टी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ही युक्ती आधी विचारून घ्यायचं मला कधी सुचलं नव्हतं.

वजनकाट्यावरच्या भिकनने शेवटी कसाबसा एक गोल मारला. आम्ही जिंकलो. टीम वाचली.

पगाराच्या दिवशी पोरं परत आली होती. दित्याने छत्तीस रुपये घेतले आणि ऑफिसच्या पायरीवर नऊ सारख्या ढिगल्या केल्या. चार होळीला गेलेल्यांच्या, चार खेळलेल्यांच्या, नववी हवालदाराची, कारण तोही त्यांच्या रांगेत उभा राहिला होता. त्याच्या वाट्याला चार रुपये आले. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता एकवीस दिले की झालं.

हवालदाराने चार रुपये कनवटीला लावले आणि माझ्यापुढे हात धरला.

"ह्या चार टोळीना शेतस. आते तुन्हा पंचवीस काढ."

बजेटमधले चोवीस होते. एक मी माझ्या खिशातून घातला. तो पहिल्याच दिवशी घातला असता, तर माझी एका रात्रीची झोप वाचली असती.