पुस्तकासाठी लावलेला कौल

सातवीत असताना मी एका पुस्तकापायी देवाला फसवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. आजोबांच्या काळी मेंढरं होती. आमच्या वेळी चार शेळ्या आणि ऊस. घरात शब्द चालायचा तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. बांधावरच्या बिरोबाची पूजाही तेच करायचे.

शाळेतल्या बाई बारामतीहून स्वतःची गोष्टीची पुस्तकं आणून आम्हाला वाचायला द्यायच्या. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. माझ्याच वयाची एक मुलगी चेटकिणीच्या घरी राहते, मंत्र शिकते, कुलपं उघडते, आटलेल्या विहिरीला पाणी आणते. मी पार वेडी झाले. धाकट्या भावंडांना जमवून उसाच्या सरीत आम्ही ते मंत्र तालावर म्हणायचो. अर्थ काही नव्हता त्यांना, पण म्हणायला झकास वाटायचे.

तात्यांनी एकदा ऐकलं आणि पुस्तक काढून घेतलं.

"ह्यो मंतर कुणाचा? गुरू कोण? उतारा कुठं लिवलाय ह्यात?"

"तात्या, खोटं हाय ते. गोष्ट हाय."

"खोटं हाय तर म्हणता कशाला? बोलावल्यालं आलं, तर माघारी कोण लावणार? तुजी बाई?"

त्यातच त्या आठवड्यात एक शेळी गाभडली, पोटातलं करडू गेलं. मग तर आईसुद्धा माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. पुस्तक कालव्यात सोडायचं ठरत आलं. बाईंना काय तोंड दाखवू, आणि त्या पुन्हा पुस्तक देतील का? शेवटी मीच रडत म्हणाले, देवाला विचारा. ते मात्र तात्यांना पटलं. रविवारी कौल लावायचा ठरला.

कौलाची आमची रीत साधी. देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओल्या बोटानं कण्हेरीची एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायच्या घरातल्या कुमारिकेनं. म्हणजे मी.

माझ्या तोंडात गुळाचा खडा होता. चुकून नव्हता, मुद्दाम ठेवला होता. डावी पाकळी लावताना बोट हळूच जिभेवरून फिरवलं. देवाला उष्टं! बराच वेळ एकही पाकळी पडेना. मग वाऱ्याची झुळूक आली आणि उजवी गळाली. डावी ढिम्म.

तात्यांनी हात जोडले. पुस्तकाला भंडारा लावून ते माझ्या हातात दिलं. "वाच बाय. देवाची ना न्हाय." त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. एवढा हट्टी माणूस एका पाकळीनं गप झाला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सुटले एकदाची, असं मनात येतंय तोवर ते माझ्या वडिलांना म्हणाले, "आता बसलोयच तर पोरीच्या शाळंचं बी इचारून घिऊ."

आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीला मला इंदापूरला मावशीकडं ठेवावं, ही तात्यांचीच इच्छा. वडील का-कू करत होते. मलाही जायचंच होतं. त्या वयात दुसरं काही मागणंच नव्हतं माझं.

गूळ अजून गालात होता. पुन्हा तेच करावं? पण शेळी गाभडली होती, आता कुणावर येईल? या खेपेला लबाडी नको, असं ठरवून मी खडा गिळला, ते दोघं बोलत होते तोवर बाजूला जाऊन चूळ भरली आणि डाव्या बाजूचा चिकटपणा परकराच्या टोकानं खसाखसा पुसून काढला. मग चांगल्या पाण्यानं दोन्ही पाकळ्या लावल्या.

उजवीकडं तेल-भंडाऱ्याचा जुना थर होता, त्यात या खेपेला पाकळी रुतून बसली. डावीकडं मी पुसून पुसून दगड गुळगुळीत केला होता. माझं बोट निघतंय न निघतंय तोच डावी पाकळी घसरून खाली आली.

वडील उठून गेले. तात्या मात्र तसेच बसून राहिले. नकार त्यांना माझ्याइतकाच लागला होता. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाय, लावताना काय चुकलं आसंल तर आत्ताच सांग. चुकल्याला कौल मोडता येतोय. पुन्यांदा लावू."

दोन वाक्यं पुरली असती. पण दगड पुसला म्हणायचं तर तो का पुसला तेही सांगावं लागणार होतं. पुस्तक कालव्यात गेलं असतं, आणि ज्या देवाला तात्या रोज आंघोळ घालत होते तो मी उष्टा केला हे त्यांना कळलं असतं. मला पुस्तक जाण्याची भीती वाटली, तात्यांची त्याहून जास्त वाटली. पुस्तक मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"न्हाय तात्या," मी म्हणाले, "कायबी चुकलं न्हाय."