खालचं कोणाचं?

पेणमध्ये कुणी नव्या फ्लॅटचे पेढे घेऊन वकीलबाईंच्या ऑफिसात आलं की बाई आधी पेढा तोंडात टाकायच्या. मग टेबलाखाली चप्पल काढून टाच फरशीवर दोनदा आपटायच्या आणि विचारायच्या, "वरचं कळलं हो. खालचं कोणाचं?"

समोरचा गोंधळायचा. "खाली? खाली पार्किंग आहे, बाई."

"अहो, पार्किंगच्याही खाली!"

दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई तशा मुळीच नव्हत्या. मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते, रोज रोह्याहून एसटीने यायचे, म्हणून छातीठोकपणे सांगते. त्यांना खरोखरच उत्सुकता असायची! भाडेपट्ट्याचा कागद हातात आला की बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "अगं इकडे ये! बघ काय लिहिलंय! मुदत संपली की इमारतीसकट जमीन परत! आणि हा बाबा म्हणतो, नातवाला होईल!" अशील रडकुंडीला आलेलं आणि बाईंच्या डोळ्यांत दिवाळी.

नव्वदच्या दशकातलं हे. पेणला इमारती उठायला लागल्या होत्या, धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी मंडळी भाड्याच्या खोल्यांतून सुटू बघत होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, ओनरशिप. भाड्याचा नाही तो ओनरशिपचा, इतका सोपा हिशेब. जमीन दुसऱ्याची, नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर घेतलेली, तरी वरचा फ्लॅट ओनरशिपचा! हा शब्द ऐकला की बाई खवळायच्या. "ओनरशिप म्हणे! पट्ट्याची किती वर्षं उरली? भुईभाडं कोण भरतं? उद्या विकायचा झाला तर कोणाला विचारायचं? यातलं एक तरी विचारलंत का?"

आता आमचीच गंमत ऐका. आम्ही रोह्याला भाड्याने राहत होतो. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आम्हाला खोली सोडायला सांगितली. त्याच सुमारास धाटावच्या एका गृहस्थांची बदली झाली, त्यांचा पेणचा फ्लॅट विकायला निघाला. आमच्या ह्यांनी जाऊन बघितला, बघता क्षणी पसंत केला आणि होती नव्हती ती पुंजी इसार म्हणून देऊन आले. "अगं, ओनरशिपचा आहे!" दारातूनच ओरडले. माझ्या बाई वकील, मी त्यांची टायपिस्ट, आणि नवरा हा असा! मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना बाईंपुढे उभं केलं. टाच आपटली गेली. पट्टा वाचून झाला. इमारतीची जमीन कासूकडच्या एका मिठागरवाल्या कुटुंबाची होती आणि फ्लॅट विकताना दर वेळी जमीनमालकाची लेखी संमती घ्यायची अशी अट होती. पट्टा देणारा म्हातारा वारला होता. त्याची बायको आता कोणालाच संमती देत नव्हती. आमच्या आधीची दोन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली होती.

"संमतीशिवायच घेतला तर?" हे चाचरत म्हणाले.

"घ्या की! म्हणजे पट्टा मोडायचं कारण तुम्ही आपल्या हाताने त्यांना दिलंत!" बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या. "चल गं, कासूला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतेस?"

मला एसटीत रडू फुटत होतं. खोली जाणार, इसार अडकणार, संसार घेऊन जायचं कुठे? आणि शेजारी बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिडकीतून खाडीकडची मिठागरं बघत होत्या. राग आला मला त्यांचा. सोसायटीचे लोक सांगत होते, म्हातारीला पैसे हवेत, दुसरं काही नाही.

म्हातारी अंगणात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. बाई सरळ तिच्यापुढे खाली मांडी घालून बसल्या, सोडे निवडायला लागल्या. "आजी, संमती का नाही देत? काय हवंय?"

"पैसं नको गो बाय मना." म्हातारीने मान वरही केली नाही. "आमचा राखणदार तिथं कोंडलाय."

राखणदार म्हणजे त्या जमिनीची राखण करणारा देव. इमारतीच्या आवारात मागे करंजाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, तोच. नवरा होता तोवर दोघं वर्षातून एकदा तिथे नारळ ठेवायची. मग सोसायटीने भिंत घातली, फाटक बसवलं, वॉचमन ठेवला.

"नारळ घेऊन गेलू, तं तो मना इचारतो, कोनाकडं जायचं हाय? नाव सांगा." म्हातारीचे हात थांबले. "माज्या जागंत मी कोनाचं नाव सांगू गो?"

नारळ घेऊन ती तशीच परत आली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी घरापायी रडत होते, आणि ही म्हातारी तर आपल्याच दारातून परतली होती. बाईंनी मात्र मांडीवर थाप मारली. "वहिवाट! अगं, ही तर वहिवाट, जाण्यायेण्याचा जुना हक्क! चला, झालं काम!" म्हातारी दचकलीच.

रविवारी सोसायटीची मीटिंग. चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, ओनरशिपची सोसायटी आहे. बाहेरच्या लोकांना असं आत कसं सोडायचं?"

बाई हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बाहेरचे? अहो, बाहेरचे तुम्ही! ती जमिनीवर आहे, तुम्ही हवेत आहात. तिची सही नाही तर तुमच्यातला एकही इथून विकून जाऊ शकत नाही. फाटक उघडता, की जन्मभर इथेच राहता?"

ठराव झाला. मग बाईंनी मला पुरवणी करार सांगितला आणि मी तो टाइप केला. जमीनमालकाच्या कुटुंबाने केव्हाही यावं, राखणदाराला नारळ ठेवावा, कोणी अडवू नये, नाव विचारू नये. "नाव विचारू नये" हे बाईंनी दोनदा वाचून घेतलं. म्हातारीने आमच्या संमतीपत्रावर अंगठा दिला आणि आम्ही दोघं नवरा-बायको रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर वेड्यासारखे हसत सुटलो. घर मिळालं हो! हे तर अनोळखी माणसांनाही चहा पाजत होते.

वास्तुशांतीला म्हातारी आली. आधी करंजाखाली नारळ ठेवून मग वर आली. बाई जिने धावत चढून आल्या, खोल्या बघितल्या, खिडक्या उघडल्या-मिटल्या, नळ सोडून बघितले, पंगतीत जिलबीवरून आमच्या ह्यांची यथेच्छ टिंगल केली.

जेवणं झाल्यावर दोघी दिसेनात. शोधायला गेले तर मागच्या रिकाम्या खोलीत, गार फरशीवर, बाई हाताची उशी करून झोपल्या होत्या. शेजारी म्हातारी, पदर तोंडावर घेऊन. सतत तुरुतुरु धावणाऱ्या बाईंना मी पहिल्यांदाच असं स्वस्थ पाहिलं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि पाहुण्यांना गप्प बसवलं.

बाई आजारी होत्या, आणि त्यांना ते माहीत होतं, हे मला पुढच्या महिन्यात कळलं. त्या परत माझ्या घरी आल्याच नाहीत. वर्षाच्या आत गेल्या. त्या खोलीत कॉट टाकायची म्हणून हे किती वर्षं मागे लागले. मी टाकू दिली नाही. उन्हाळ्यात दुपारी मी तिथे फरशीवरच पडते.