निम्मा भरलो!

आता हे गावात कुणाला सांगू नका हं, पण माझ्याइतका शहाणा माणूस अख्ख्या आटगावात सापडायचा नाही!

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी माझ्या शुक्रपेशींमधला डीएनए मोजायला सांगितला. नमुना देताना काय लाज वाटली, ते विचारूच नका! निकाल आला तेव्हा बायको, कल्पना, आवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, माहेरी मुरबाडला गेलेली. मी एकटाच लॅबमध्ये गेलो.

तिथली मुलगी म्हणाली, "रक्तातल्या पेशीत असतो ना, त्याच्या निम्मा भरलाय."

निम्मा! मागे ही रांग! ती पुढे काहीतरी सांगत होती, पण ऐकायला थांबतो कोण? मी खाली मान घालून स्टेशन गाठलं.

घरी आलो तर घर खायला उठलं. टीव्ही लावून ठेवायचो, तेवढाच माणसांचा आवाज. भात पातेल्यातूनच खायचो. कल्पनाचा फोन वाजायचा आणि मी नुसता बघत बसायचो. काय सांगणार होतो तिला? फार एकटं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू!

शेवटी सासऱ्यांनाच फोन लावला. "मामा, माझी आशा सोडा. तिला दुसरं स्थळ बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दारात, हातात काठी, मागे रडवेली कल्पना!

"कोन हाय ती?" सासरे गरजले.

"कोन नाय वो मामा! माझा डीएनए निम्माच भरलाय!"

कल्पना बारावी सायन्स. तिनं डोळे पुसले आणि कपाळावर हात मारला. "अवो, निम्माच असतो तो! निम्मा बापाचा, निम्मा आयचा, तवा कुठं पोर पुरा होतो. सगळा तुमचाच घातला, तर मी काय नुसती बघत बसू?"

केवढं बरं वाटलं मला! पण गप्प बसेन तर मी कसला? काळजीनं विचारलं, "म्हंजे तुझापन निम्माच? मंग आदी बोलली का नायस गो? तुलापन औषद आनू?"

सासरे काठी टाकून ओटीवर बसले आणि हसत सुटले.

आवणी अर्धवट सोडून आलेली, म्हणून दोघं लगेच परत निघाली. मी फाट्यापर्यंत सोबत गेलो. "ऱ्हा ना गो आजचा दिस, मला करमत नाय," असंही म्हणालो.

जीपमध्ये चढता चढता ती वडिलांना म्हणाली, "डीएनए बरोबर हाय, बाबा. अक्कल तेवढी निम्मी भरली."