खुज्या चिलापीचं बीज

रामसिंगकाकांना जनावराची पारख आहे, हे ढाणकीच्या बाजारात कोणीही सांगेल. गोऱ्हा घ्यायचा तर ते आधी त्याची माय पाहायला जातात. मरतुकड्या वळूला गाय दाखवणारा माणूस त्यांच्या लेखी बिनडोक. आमच्या तांड्यातल्या निम्म्या बैलजोड्या त्यांनीच निवडून दिल्या आहेत. म्हणून त्यांच्या शेततळ्यात जे झालं त्याची लाज त्यांना फार वाटते. मलाही वाटते. मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो.

तळ्यात त्यांनी चिलापी सोडली होती. हा मासा तळ्यातच पिल्लं काढतो, बीज विकत आणावं लागत नाही. राखण आणि खाद्य धावजीकडे. धावजी म्हणजे काकांचा मेहुणा, जमनीकाकूंचा धाकटा भाऊ. बायको गेल्यावर बहिणीकडे राहायला आलेला, बोलणं कमी, काम चोख. पहिल्या वर्षी मासा अर्ध्या किलोचा भरला. पुढे साल दर साल खुजा होत गेला आणि सहाव्या वर्षी तळहातात मावू लागला. माशांना घालायची ढेप, म्हणजे पेंड, तर पोत्यानं येते, मग जाते कुठे? काकांच्या डोक्यात किडा वळवळला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या ओट्यावर बैठक होती, विषय भलताच होता, आणि काका सगळ्यांसमोर म्हणाले, "धावजी, माह्या मासोळ्यायची ढेप तू इकून राह्यला."

धावजीनं फक्त बहिणीकडे पाहिलं. जमनीकाकू काही बोलणार तर काकांनी डोळे वटारले. मी तिथेच बसलो होतो. शाळेत जाता-येता धावजीला टोपली भरून ढेप टाकताना मी रोज पाहत होतो. तरी तोंड उघडलं नाही. मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडा, असं मनाला समजावलं, पण खरं म्हणजे काकांना घाबरलो. दुसऱ्या दिवशी धावजी पिशवी घेऊन शेजारच्या तांड्यात मजुरीला गेला. जमनीकाकूंनी तेव्हापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पुढचं सालभर काकांनी ढेपेच्या खोलीला कुलूप लावलं आणि स्वतःच्या हातानं खाद्य टाकलं. मासा आणखीच बारका निघाला.

त्या बारक्या माशांची पाटी घेऊन ते ढाणकीला बिजलीबाईकडे गेले. मी सोबत होतो. मासे विकण्यात आणि कापून देण्यात बिजलीबाईचा जन्म गेलाय. तिनं एक चिलापी चिरली आणि आतली गाभोळी बोटानं बाहेर काढली.

"पाहा भाऊ, पोटात अंडी हायेत. म्हंजे हे पिल्लू नोहे, वयाची बाई होय. पोट बी भरेल हाय, उपाशी नाही. पाठीवर मासच नाही फक्त. बीज कुठचं?"

"घरचंच. उन्हाळ्यात तळं आटलं का मोठे इकतो, बारके हौदात ठेवतो. पानी आलं का थेच सोडतो."

"दर साली?"

काकांनी मान डोलावली. बिजलीबाई हसली नाही, हे तिचे उपकार.

"खाण तशी माती, भाऊ. मोठ्यायले बाजार दावला अन् बारक्यायचा संसार थाटून देल्ला. मंग मोठं कुठून येईन?"

परतताना काकांनी मला खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, की माशाच्या पाठीचं मांस बारीक धाग्यांचं असतं. धागे किती होतील, किती जाड होतील, हे बरंचसं आईबापांकडून येतं. खाद्यानं ते भरतात, पण वाणातच नाही ते ढेप कुठून आणणार? त्यात तळ्यात पिल्लांची दाटी झाली की वाढ आणखी खुंटते.

"हे तुले आधीच ठाऊक होतं?"

"हो."

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलला?"



काका तसेच शेजारच्या तांड्यात धावजीकडे गेले. धावजीनं खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊजी, चोर म्हटलं तवा सारा तांडा होता. माफी मांगाले एकटेच आले?"

दोन दिवस काका धड जेवले नाहीत. दुसऱ्याच्या गोऱ्ह्याची माय पाहणारा माणूस आपल्या तळ्यात खुजे पोसत बसला, हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे जीव जातो. तिसऱ्या दिवशी त्यांनी नायकाला बैठक बोलवायला लावली. धावजीही आला, मागे उभा राहिला.

"ढेप कोनं इकली नाही," काका म्हणाले. "मीच बारके मासे बीजाले ठेवत गेलो, अन् नाव धावजीचं घेतलं. चूक माही हाय."

दोघंतिघं हसलेच. काकांनी ते सोसलं. धावजी पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसला.

मग मीही उठलो. म्हणालो, धावजी रोज टोपली भरून ढेप टाकत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. मला वाटलं, काहीतरी मोठं केलं आपण.

जमनीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "एवढं बोलाले तुले साल लागलं?"